तक्त्यांतलें आमचें घर

विज्ञान-प्रदर्शनाचा हंगाम आला, कीं आमच्या क्रांती चौकांत सकाळच्या वेळीं एक गमतीचा देखावा दिसूं लागतो. दुचाकीवर पुढें वडील, मागें चिरंजीव, आणि दोघांच्या मध्यें जिवापाड जपलेला एखादा पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, नाहीं तर पवनचक्की. दिवा लाल झाला, म्हणजे वडील मान वळवून विचारतात, "धरलंस ना नीट?" चौकांत उंच चौथऱ्यावर अश्वारूढ शिवछत्रपति उभे आहेत, १८५७ सालीं बंड करून उठलेल्या घोडदळांतील शिपायांना जेथें देहान्त शासन झालें, त्या काळ्या चबुतऱ्याची आठवणही याच चौकाशीं निगडित आहे. एवढ्या मोठ्या पराक्रमांच्या सावलींतून तो पुठ्ठ्याचा ज्वालामुखी जातांना पाहिला, कीं मला हसूं येतें आणि लगोलग थोडी लाजही वाटते. कारण तसा एक ज्वालामुखी मींही या चौकांतून नेलेला आहे.

नुसता नेलेला नव्हे, तर बनविलेलाही. आमचे थोरले चिरंजीव त्या वेळीं आठवींत होते. माती मींच कालविली, रंग मींच दिला, धूर निघण्याची युक्तीही मींच शोधून काढली; चिरंजिवांच्या बोटाला रंगाचा ठिपकादेखील लागला नाहीं. त्यांनीं एवढेंच केलें कीं, मीं लिहून दिलेलें भाषण पाठ म्हणून दाखविलें. पहिलें पारितोषिक मिळालें. तो चषक अजून कपाटावर आहे. चिरंजीव आतां पुण्यास नोकरी करतात, सुटींत घरीं आले, कीं पाहुण्यांना चषक दाखवून म्हणतात, "हें आमच्या बाबांचं शाळेतलं यश." सारे हसतात. मीही हसतों, पण तें हसणें घशाखालीं उतरत नाहीं.

धाकटी कन्या नववींत असतांना, म्हणजे २०२२ च्या पावसाळ्यांत, तिच्या शाळेनें राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठीं मुलांना प्रकल्प करावयास सांगितलें, तेव्हां माझे हात पुन्हां शिवशिवूं लागले. परंतु या परिषदेची रीत वेगळी निघाली. १९९३ पासून देशांत भरत आलेल्या या परिषदेंत शोभेच्या प्रतिकृतीला फारसें मोल नाहीं. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं आपल्याच परिसरांतला एक प्रश्न निवडावा, स्वतः हिंडून मोजमाप करावें, आणि जें आढळेल तें वहींत लिहून परीक्षकांपुढें मांडावें. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तिच्या पायऱ्या. त्या वर्षींचा मुख्य विषय परिसंस्था आणि माणसाचें आरोग्य यांच्या संबंधाचा होता. माती कालविण्याला कोठें वावच नव्हता!

धाकटीनें आणि तिच्या मैत्रिणीनें निवडलेला प्रश्न असा : आपल्या गल्लींतल्या घरांत साठविलेल्या पाण्यांत डासांच्या अळ्या कोठें सांपडतात?

बाहेरगांवच्या वाचकांना या प्रश्नाची निकड कळावी म्हणून थोडें सांगितलें पाहिजे. आमचें हें शहर, आतांचें छत्रपति संभाजीनगर आणि त्या वेळचें औरंगाबाद, एके काळीं पाण्याच्या सोयीबद्दल नांवाजलेलें होतें. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मलिक अंबरानें जमिनीखालून नहर आणून येथें पाणी खेळविलें. पाणचक्कीवर येणारे प्रवासी तें कौतुक आजही पाहतात. आमच्या पिढीच्या वांट्याला मात्र पैठणच्या नाथसागरांतून पन्नासएक किलोमीटर चढून येणारें पाणी आलें, आणि त्या काळीं उन्हाळ्यांत कित्येक वस्त्यांना नळाच्या धारेसाठीं आठवडाभरदेखील वाट पाहावी लागे. त्यामुळें ज्याच्या घरीं जागा आहे, तो हौद बांधतो, टाकी बसवितो, पिंपें भरून ठेवतो. पाणी साठविणें ही येथें गृहिणीची हौस नसून गरज आहे.

आतां डेंग्यूचा प्रसार करणारा जो एडिस नांवाचा डास, तो गटाराचा रहिवासी नव्हे. त्याला आपल्यासारखेंच स्वच्छ, स्थिर पाणी लागतें. मादी भांड्याच्या आंतल्या ओलसर कडेला अंडीं घालते. उबदार हवेंत आठ-दहा दिवसांत अंड्याची अळी, अळीचा कोष आणि कोषाचा डास होतो. पाणी आटलें, तरी कडेला चिकटलेलीं अंडीं कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हां पाणी लागलें कीं जागीं होतात. शिवाय हा डास रात्रीं नव्हे, दिवसा चावतो. नळाच्या दोन धारांमधलें अंतर आणि डासाचें बाळपण हीं दोन्हीं एकमेकांना अशीं मिळतीं-जुळतीं असावींत, हा दुर्दैवी योगायोगच म्हणावयाचा.

हें सारें मला मुलींनीं पुढें शिकविलें. आरंभीं माझें मत ठाम होतें. "नाल्याच्या पलीकडच्या वस्तींत जा," मीं त्यांना सांगितलें, "तेथें हवे तितके डास सांपडतील." मैत्रिणीनें नम्रपणें विचारलें, "काका, पण पाहण्याच्या आधीच ठरवलं, तर मग पाहायचं कशाला?" मीं वर्तमानपत्र उघडलें.

दोघींनीं असें ठरविलें होतें कीं, एकूण चाळीस घरें पाहावयाचीं. त्यांपैकीं निम्मीं आमच्या गल्लींतलीं आणि निम्मीं पलीकडच्या वस्तींतलीं. घराला नांव न देतां क्रमांक द्यावयाचा. आणि पहिला क्रमांक स्वतःच्या घराचा.

त्या सकाळीं विजेरी घेऊन दोघी आमच्या घरभर हिंडल्या. मीं तोंडभर हसून दार उघडून दिलें. आमचें घर गल्लींत टापटिपीसाठीं प्रसिद्ध आहे, आणि गणेशोत्सवांत सार्वजनिक स्वच्छतेवर बोलावयाचें झालें, तर मंडळी मलाच बोलावतात. अर्ध्या तासानें मुलींनीं वही पुढें केली. अळ्या तीन ठिकाणीं सांपडल्या होत्या. एक, मागल्या दारच्या पिंपांत, ज्याचें झांकण कधींचेंच तुटलें होतें. दोन, तुळशीवृंदावनाशेजारच्या कुंडीखालीं ठेवलेल्या थाळींत. आणि तीन, प्रत्यक्ष माझ्या लिहिण्याच्या टेबलावर! तेथें एका काचेच्या बाटलींत शोभेचा वेल लावलेला आहे; त्याच्या मुळांशीं त्या बारीक अळ्या विजेरीचा झोत पडतांच वळवळत तळाशीं जात होत्या. ज्या टेबलावर मीं स्वच्छतेचीं भाषणें लिहिलीं, त्याच टेबलावर त्यांचें संगोपन चाललें होतें.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं धाकटीला जवळ बोलाविलें. आज तें संभाषण लिहितांना लेखणी अडते, तरी लिहितों.

"आपलं घर तक्त्यांत नको घालूंस," मी म्हणालों. "पिंप उद्यां पालथं करूं, बाटली फेकून देऊं. मग अळ्या नाहींतच. चाळीसाऐवजीं एकोणचाळीस घरं झालीं, तर काय बिघडलं?"

"बाबा, पण आज होत्या ना?"

"गल्लींत सगळ्यांना कळेल, एक नंबरचं घर कुणाचं तें."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर काढतें. पण मग जोशीकाकूंच्या हौदांतल्या अळ्या मीं कुठल्या तोंडानं लिहूं?"

काकूंचें आडनांव मीं येथें बदललें आहे; प्रश्न बदललेला नाहीं. त्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तरीही मी म्हणालों, "उद्यां पाहूं," आणि दिवा मालविला. झोंप मात्र आली नाहीं.

झोंप न येण्याचें कारण एकटी अब्रू नव्हती. आदल्या वर्षीं आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना डेंग्यू झाला होता. पंधरा-वीस दिवस त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. बऱ्या होऊन आल्या, तेव्हां मीं मोठ्या कळवळ्यानें त्यांना उपदेश केला होता कीं, मावशी, तुमच्या वस्तींत स्वच्छता ठेवायला हवी. त्यांनीं मान खालीं घालून "होय सर" म्हटलें होतें. आतां अंधारांत पडल्या पडल्या हिशेब मनांत आपोआप जुळूं लागला. हा डास दिवसा चावतो. मावशी सकाळचे तीन तास आमच्या मागल्या दारीं, त्या बिनझांकणाच्या पिंपाशेजारीं बसून भांडीं घासतात. त्यांना तो आजार कोठें जडला, हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं. पण आमच्या घरीं जडला नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

पुढच्या रविवारीं, ७ ऑगस्ट २०२२ रोजीं, सकाळीं आम्ही सारीं दूरदर्शनसंचापुढें बसलों होतों. इस्रोचें नवें लहान अग्निबाण-वाहन, एस्‌एस्‌एल्‌व्ही, प्रथमच उडणार होतें, आणि त्याच्याबरोबर 'आझादीसॅट' नांवाचा एक चिमुकला उपग्रहही. त्या उपग्रहांतलीं उपकरणें देशभरच्या पंचाहत्तर सरकारी शाळांतल्या साडेसातशें मुलींनीं जुळविलीं होतीं. अग्निबाण उडाला; पण उपग्रह ज्या वर्तुळाकार कक्षेंत सुटावयाचे, तेथें सुटले नाहींत. कक्षा लंबवर्तुळाकार झाली, तिचा एक भाग पृथ्वीच्या फार जवळ आला, आणि उपग्रह निकामी ठरले. हें इस्रोनें त्याच दिवशीं जाहीर केलें. धाकटीचा चेहरा उतरला. "त्यांचं सगळं वांया गेलं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानें, "पण लपवलं नाहीं कुणी." १० फेब्रुवारी २०२३ रोजीं त्याच मालिकेचा दुसरा अग्निबाण मुलींचा 'आझादीसॅट-२' घेऊन योग्य कक्षेंत पोंचला. चूक कोठें झाली, हें मोकळेपणीं मांडल्यावांचून ती दुरुस्त झाली नसती. पण त्या रविवारीं ही पुढची गोष्ट कोणाला ठाऊक? मला ठाऊक होतें तें इतकेंच कीं, मुलीचें तें वाक्य मला उद्देशून नव्हतें, तरी बरोबर मलाच लागलें. मीं उठून वही आणली आणि म्हटलें, "एक नंबरचं घर राहूं दे."

तक्ता पुरा होऊं लागला, तसतसें आम्हां थोरांचें ठाम मत ढांसळत गेलें. हौद, टाक्या, कुंड्यांच्या थाळ्या, शीतकपाटामागची पाण्याची तबकडी हें सारें आमच्याच बाजूला अधिक. मावशींचें घर त्या चाळीसांत होतें. तेथें एकही अळी सांपडली नाहीं. मुलींनीं कारण विचारलें, तेव्हां मावशी सहज म्हणाल्या, "आमच्याकडं पिंप दोन दिसांत रिकामं होतं, बाळा. साठवायला पाणी उरतंच कुठं?" धाकटीनें तें वाक्य वहींत जसेंच्या तसें टिपून ठेवलें. दुसऱ्या दिवशीं मीं मावशींना तें पिंप दाखविलें, अळ्यांची हकीकत सांगितली आणि म्हणालों, "गेल्या वर्षीं मीं तुम्हांला उगाच बोललों." त्यांनीं पदराच्या टोकानें हात पुसले, पिंप कलतें करून पाहिलें, आणि म्हणाल्या, "आधी घासून घेते, सर. नुसतं पालथं करून भागायचं नाहीं." मुलींनीं त्यांना अंड्यांची गोष्ट सांगून ठेवली होती!

या निमित्तानें जें वाचन झालें, त्यांत असें आढळलें कीं आमच्यासारखी चूक फार मोठ्या माणसांच्या हातूनही झालेली आहे. हवाना शहरांत पीतज्वर माजला होता, तेव्हां अमेरिकन अधिकाऱ्यांनीं प्रथम रस्ते झाडले, गटारें उपसलीं, शहर लखलखीत केलें. तरी १९०० सालीं ताप उलट वाढला. कारण तोही याच जातीच्या डासाचा प्रताप, आणि डास वाढत होता रस्त्यांत नव्हे, तर घरोघरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत. ही गोष्ट कार्लोस फिनले या तेथल्याच डॉक्टरानें १८८१ सालीं सांगून ठेवली होती. वॉल्टर रीड यांच्या मंडळानें ती प्रयोगानें सिद्ध केली. मग गोर्गस यांचीं माणसें घरोघर जाऊन पिंपें तपासूं व झांकूं लागलीं, आणि १९०१ सालच्या अखेरपर्यंत तें शहर पीतज्वरापासून मुक्त झालें. त्याच्या थोडें आधीं, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचा जंतु डासाच्या पोटांत सांपडला तो सिकंदराबादेस, म्हणजे आमचें शहर ज्या निजामी राज्यांत होतें त्याच राज्यांत. त्यापूर्वीं दोन वर्षें ते भलत्याच जातींचे डास चिरीत होते, आणि दर वेळीं 'कांहीं आढळलें नाहीं' अशीच नोंद करीत होते. पंख्याच्या वाऱ्यानें डासाचे अवशेष उडून जातील, म्हणून तो उकाडा त्यांनीं पंख्यावांचून काढला. त्या कंटाळवाण्या 'नाहीं'च्या नोंदी प्रामाणिक होत्या, म्हणूनच शेवटच्या 'आहे'वर जगाचा विश्वास बसला.

जिल्ह्याच्या फेरीला मी प्रेक्षकांत मागें बसलों होतों. मुली बोलल्या, तक्ता दाखविला. एका परीक्षकांनीं चष्मा सांवरीत विचारलें, "क्रमांक एकच्या घरांत तीन जागीं अळ्या आहेत. कुणाचं घर हें?"

"माझंच," धाकटी म्हणाली.

परीक्षक हसले नाहींत. त्यांनीं कागदावर कांहीं लिहिलें आणि पुढला प्रश्न विचारला. मुलींची निवड राज्याच्या फेरीसाठीं झाली नाहीं. घरें निवडतांना दोन्हीं वस्त्यांतलीं पाण्याचीं भांडीं सारख्या प्रकारचीं नव्हतीं, हा दोष परीक्षकांनीं दाखविला, आणि तो खराही होता. परततांना क्रांती चौकांत दिवा लाल झाला. मीं मान वळवून विचारलें, "वाईट वाटलं का ग?" ती म्हणाली, "थोडं. बाबा, इलॅस्टिक घ्यायला पैठण गेटला थांबूं या ना."

कारण मुलींचें मन केव्हांच पुढल्या कामांत गुंतलें होतें. पिंपांचीं झांकणें तुटतात आणि नवीं महाग पडतात, म्हणून आईच्या जुन्या सुती नऊवारी लुगड्यांचे गोल तुकडे कापून, कडेला इलॅस्टिक ओंवून, पिंपाच्या तोंडाला घट्ट बसतील अशा टोप्या शिवावयाच्या, ही त्यांची योजना. आमच्या सौ.नें शिवणयंत्र दिलें. किंमत ठरवितांना दोघींनीं दोरा आणि इलॅस्टिक एवढाच खर्च धरला. आईनें जपमाळ थांबवून विचारलें, "आणि शिवणाऱ्या हातांचं काय ग? तीं फुकट का?" तेव्हां मजुरीचा रकाना वाढला. ज्यांना परवडत नाहीं, त्यांना जुन्या कापडाच्या बदल्यांत टोपी. टोपी विकतांना दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळण्याचें वचनही त्या घेत : भांडें रिकामें करावयाचें, कड घासावयाची, मगच पुन्हां भरावयाचें. आई म्हणाली, "आमच्या लहानपणीं शिळं पाणी रोज ओतून हंडे-घागरी चिंचेनं घासायचो. तें सोंवळ्यासाठीं होतं, डासांसाठीं नव्हे. पण घासायचो खरं." पाणी तुटपुंजें झालें आणि ती रीत गेली, याचा दोष कोणाला द्यावा!

महिन्याभरानें मुलींनीं तींच घरें पुन्हां तपासलीं. कांहीं ठिकाणीं अळ्या गेल्या होत्या. कांहीं ठिकाणीं टोपी खुंटीला टांगलेली आणि पिंप उघडेंच, तेथें त्या होत्या. दोन्ही गोष्टी वहींत उतरल्या.

शालेय मुलांच्या हातून असें काम होऊं शकतें, याची साक्ष आपल्याकडे फार जुनी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतल्या पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेल्या शालेय उपक्रमांत माध्यमिक शाळेचीं मुलें आठवड्यांतला एक दिवस हातांनीं काम करीत शिकतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. मुली रक्तगट आणि रक्तांतलें हिमोग्लोबिन तपासावयास शिकतात, मुलें वेल्डिंग करतात, आणि गांवाला अशी सेवा देऊन तिचें मोलही घेतात. आम्हां पांढरपेशा घरांत पाठांतराला मान आणि हातांना विश्रांति अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वांटणी आहे. त्या वांटणीनें आम्हांला परीक्षेचे गुण पुष्कळ दिले. परंतु स्वतःच्या मागल्या दारचें पिंप उघडून पाहण्याची संवय दिली नाहीं.

आतां ती कन्या महाविद्यालयांत शिकते. कपाटावर चषक आहे, तिची वही खालच्या खणांत आहे. मुलांना प्रकल्पांत मदत करूं नये, असें मी म्हणत नाहीं; रात्रीं विजेरी धरावी, अनोळखी दारापर्यंत सोबत जावें, इलॅस्टिक आणून द्यावें. मात्र त्यांच्या तक्त्याला हात लावूं नये, आणि त्या तक्त्यांत आपलें घर आलें, तर तें येऊं द्यावें. ज्या मुलानें एकदां स्वतःच्या घराविरुद्ध खरी नोंद केली, त्याला पुढें दुसऱ्या कोणाच्या दडपणाखालीं खोटी नोंद करणें जड जाईल, असा मला भरंवसा वाटतो.

विजेरी आतां माझ्याकडे आली आहे. दर शनिवारीं, मावशी यावयाच्या आधीं, मी घरभर फिरतों. आरंभ टेबलापासून करतों.